वजा सहा

कातळसडा अणुवीज केंद्राला तीस वर्षं होणार म्हणून स्मरणिका काढायचं ठरलं आणि नेहमीप्रमाणे निवृत्त माणसांकडे लेख मागायला सुरुवात झाली. निवृत्त माणूस नाही म्हणत नाही, हे सगळ्यांना ठाऊक असतं. मला विषय मिळाला 'प्रयोगशाळेतल्या गमतीजमती'. केंद्राच्या धातू प्रयोगशाळेत मी पंचवीस वर्षं काढली, त्यातली बावीस प्रमुख म्हणून. माझ्या कारकिर्दीत तिथे काही गमतीजमती झाल्याचं मला आठवत नाही. मी होऊ दिल्या नव्हत्या.

तरी एक किस्सा होता, माझ्याच नावाने चालणारा: 'मोंडकर मॅडमची सूट'. म्हटलं, हाच लिहू. २०४९चा ऑगस्ट, बुधवार, सकाळचे साडेनऊ. माझी मुलगी शाल्मली पहाटेच केंद्रावर गेली होती, कारण वार्षिक तपासणीसाठी सहा वाजल्यापासून पहिली अणुभट्टी थंड करायला घेतली होती. घरात मी एकटी होते आणि लेख दुपारपर्यंत हातावेगळा करायचा होता.

किस्सा समजायला थोडं धातूशास्त्र लागतं. आमच्या अणुभट्टीत तीनशे ब्याण्णव आडव्या नळ्या आहेत. प्रत्येक नळीत इंधन असतं आणि त्याच्यावरून तापलेलं जड पाणी प्रचंड दाबाने वाहतं. नळ्या झिर्कोनियमच्या, त्यात चिमूटभर नायोबियम. तापलेलं पाणी या धातूला वर्षानुवर्षं हळूहळू खात असतं. पाण्यातला ऑक्सिजन नळीच्या पृष्ठभागावर गंजाचा पातळ थर धरतो आणि सुटलेल्या हायड्रोजनपैकी थोडा धातूच्या आत शिरतो. आत शिरला की बाहेर येत नाही, साठत जातो.

वसाहतीतल्या मैत्रिणींना मी हे पाकाचं उदाहरण देऊन सांगायचे. पाक गरम असतो तेव्हा साखर दिसत नाही. गार झाला की कडेला खडे धरतात. हायड्रोजनचं तसंच आहे. नळी तापलेली असते तेव्हा तो धातूत विरघळलेला असतो आणि कुणाच्या अध्यातमध्यात नसतो. नळी गार होऊ लागली की तो धातूशी मिळून चपट्या, ठिसूळ पापुद्र्यांच्या रूपात वेगळा होतो. त्यातून जिथे ताण असेल, जिथे आधीचा ओरखडा असेल, तिथेच तो गोळा होतो. पापुद्रा तडकतो, भेग केसभर पुढे सरकते, भेगेच्या टोकाशी नवा हायड्रोजन येतो, पुन्हा पापुद्रा. म्हणून आमच्या धंद्यात भट्टी तापलेली असताना नळीची काळजी कमी आणि भट्टी बंद करून गार करताना जास्त. बाहेरच्या माणसाला हे उलटं वाटतं.

नळीत हायड्रोजन किती साठला हे कळलं, तर ती कोणत्या तापमानाला ठिसूळ व्हायला लागेल हे सांगता येतं. ते मोजायचं काम माझं. भट्टी बंद असताना यांत्रिक हात नळीत घालून आधी गंज खरवडायचा, मग त्याखालच्या धातूचा किस काढायचा. नारळाचा किसही जाड वाटेल, इतका बारीक. तो प्रयोगशाळेत वितळवून त्यातून निघालेला हायड्रोजन मोजायचा. दशलक्ष भागांत इतके भाग, असा आकडा येतो.

घोडं पेंड खायचं ते हवेमुळे. पावसाळ्यात विजेची मागणी उतरते, धरणं भरलेली असतात, त्यामुळे आमची भट्टी दर वर्षी जुलै-ऑगस्टमध्येच बंद करतात. कोकणातला ऑगस्ट. भिंतींना हात लावला तरी ओला होतो. धातूचा किस वजन करेपर्यंत हवेतली ओल पकडायचा आणि त्या ओलीतला हायड्रोजनही आकड्यात जायचा. हायड्रोजनचं प्रमाण पक्कं ठाऊक असलेली एक प्रमाणपट्टी होती, बरोबर वीस भागांची. तिचा तुकडा मे महिन्यात वीस दाखवायचा आणि ऑगस्टमध्ये सव्वीस. दोन वर्षं, चाळीस वेळा मोजून मी २०२२ साली हुकूम काढला: जून ते सप्टेंबर, प्रत्येक आकड्यातून सहा वजा करावेत. पोरांनी त्याला 'मोंडकर मॅडमची सूट' नाव ठेवलं. मॅडम कुणालाच कसली सूट देत नाहीत, फक्त हायड्रोजनला देतात, असं ते म्हणायचे. मला ते आवडायचं, हेही सांगून टाकते.

एवढं लिहून झालं. मग लिहिलं, 'पुढे २०३१ साली कोरड्या आर्गॉन वायूने भरलेली काचपेटी आली. किसाला हवा लागणंच थांबलं आणि दमटपणाचा प्रश्न कायमचा मिटला. त्यानंतर दिनांक...'

सूट कोणत्या तारखेला रद्द केली ते मला आठवेना. मला तारखा आठवतात. घरातला गॅस कधी लावला तेही सांगू शकते. मी पेन खाली ठेवून नीट आठवायला लागले. पेटी आली त्या वर्षी टर्बाइन बिघडल्यामुळे भट्टी जानेवारीत बंद झाली होती. जानेवारीत सूट लागू नव्हतीच. मी ठरवलं होतं की पुढच्या पावसाळ्यात पेटीतून आणि पेटीबाहेरून अशी दोन्हीकडून पट्टी मोजायची आणि मग सूट काढायची. पुढच्या पावसाळ्यात मी चार महिने दुसऱ्या केंद्रावर प्रशिक्षण द्यायला गेले. तोवर सूट संगणकाच्या प्रोग्रॅममध्ये बसली होती, वजाबाकी आपोआप व्हायची. साठलेला हायड्रोजन कमी होत नाही, म्हणून आधीच्यापेक्षा खाली आलेला आकडा प्रोग्रॅम बाजूला टाकून आधीचाच धरायचा. आकडा ठरलेलाच आहे म्हणून पट्टी मोजणंही बंद झालं होतं. माझा हुकूम माझ्याशिवाय कुणी रद्द केला नसता. आणि मी केला नव्हता.

मी शाल्मलीला फोन लावला.

"आई, मी कंट्रोल रूमच्या शेजारी आहे. लवकर बोल."

"प्रयोगशाळेच्या प्रोग्रॅममध्ये पावसाळ्यात सहा वजा होतात, ते कधी काढले?"

"काढले म्हणजे? किस घेणंच सहा वर्षांपूर्वी बंद झालं. नाडी आली तेव्हा."

"बंद होईपर्यंत वजा होत होते का, ते बघ."

तिने बघितलं. मला कीबोर्डचा आवाज येत होता. "होत होते. जून ते सप्टेंबर. तुझी सही आहे त्याच्यावर."

"पेटी आल्यावर ते काढायला हवे होते. मी काढले नाहीत, शाल्मली."

पुन्हा कीबोर्ड वाजला, ती काहीतरी उघडून बघत होती. मग म्हणाली, "ती विश्रांती."

"हो."

"मी तुला विचारलं होतं, आई."

"विचारलं होतंस," मी म्हटलं.

नाडी म्हणजे शाल्मलीचं यंत्र. प्रत्येक नळीच्या टोकाला केसाएवढा काचतंतू चिकटवलेला आहे. नळीतला बारीकसा तडकाही त्याला ऐकू येतो. ऐकलेल्या आवाजांचा अर्थ लावायला मात्र नळीत हायड्रोजन किती आहे हे आधी माहीत असावं लागतं, आणि ते नाडी हिशेब करून ठरवते. हिशेब शिकली ती माझ्या आकड्यांवरून. नाडी आल्यापासून किस काढण्याचं किचकट काम संपलं. भट्टी किती वेगाने गार करायची, दाब कधी उतरवायचा, हेही तीच सांगते. आता देशातली चार केंद्रं तिच्यावर चालतात.

२०४२ साली, नाडी घडवत असताना, शाल्मली एका रविवारी माझ्या स्वयंपाकघरात आली होती. हातात आलेख. दर वर्षी हायड्रोजन दीड भागाने वाढतोय, सरळ रेष. २०३१च्या सुमाराला मात्र रेष चार वर्षं आडवी, आणि मग पुन्हा पूर्वीच्याच वेगाने वर. "धातूने मध्येच चार वर्षं विश्रांती कशी घेतली?" तिने विचारलं. मला वाटलं, ही माझं काम तपासतेय. खरं सांगायचं तर मला रागच आला. गंजाचा थर ठरावीक जाडीचा झाला की पिकतो, घट्ट होतो आणि काही काळ हायड्रोजन अडवतो, असं मी तिला सांगितलं. त्यावर माझा शोधनिबंध होता, त्याला बक्षीस होतं, ते बैठकीच्या खोलीत टांगलेलं होतं. ती तरी म्हणाली, "पण आई, सगळ्या नळ्यांत एकाच वर्षी?" तेव्हा मी म्हटलं, "माझे आकडे तपासायचे असतील तर आधी दहा पावसाळे त्या प्रयोगशाळेत काढ."

ती पुन्हा विचारायला आली नाही. नाडीने मात्र तो धडा मन लावून गिरवला. थर पिकला की नळी विश्रांती घेते, हे शिकून तिने २०४४मध्ये नळ्यांना आणखी एक विश्रांती स्वतःच देऊन टाकली. तेव्हा किस काढणं बंद झालेलं असल्यामुळे तिला खोटं पाडायला कुणी नव्हतं. माझे सहा आणि तिचे सहा, मिळून बारा भाग कागदावर नव्हते आणि धातूत होते.

मी रिक्षाने केंद्रावर पोचले तेव्हा साडेदहा झाले होते. केंद्र संचालक हेरंब शिरोडकर फाटकाशी स्वतः आला होता. प्रशिक्षणार्थी असताना एकदा मी त्याला एकच वजन अकरा वेळा करायला लावलं होतं. तेव्हापासून तो मला घाबरतो आणि मान देतो.

"मॅडम, शाल्मलीने सांगितलं. पण खात्री काय? गेली अठरा वर्षं चुकली असं नुसत्या आठवणीवर मी म्हणू शकत नाही."

"आठवणीवर नको म्हणूस. पट्टी मोजू. पाऊण तास लागेल. भट्टी आता कुठे आहे?"

"दोनशे वीस अंशांवर. नऊ चाळीसपासून तिथे थांबवलीय, पूर्ण दाबात. बॉयलरची चाचणी चालू आहे. एक चाळीसला पुढे उतरवायची. बारा वाजता बावीस माणसं नळ्यांच्या तोंडाशी यंत्रं बसवायला आत जाणार आहेत."

"थांबा कुणी ठरवला?"

"नाडीने. आकडा अडतीस आहे, म्हणजे पापुद्रे दोनशे नऊच्या खाली धरणार. दोनशे वीस सुरक्षित."

"आणि पन्नास असेल तर?"

हेरंबला ते कोष्टक पाठ आहे. मीच पाठ करून घेतलं होतं. "दोनशे एकोणतीस," तो म्हणाला आणि भराभर चालायला लागला.

प्रयोगशाळेत घाडी होता. साहाय्यक म्हणून माझ्या हाताखाली लागला, आता दोन महिन्यांनी निवृत्त होणार. किस यायचा बंद झाल्यापासून तो इतर किरकोळ चाचण्या करतो.

"मॅडम, तुमी? आज खंय वाट चुकलात?"

"घाडी, आपली जुनी प्रमाणपट्टी आहे का रे?"

"आसा मा. टाकून दे म्हणान सांगितल्यानी होते. माका वाटला, मॅडमची वस्तू, रवांदे." त्याने कपाट उघडलं. पट्टी मेणकागदात गुंडाळलेली, वर माझ्या अक्षरातली चिठ्ठी.

मी हातमोजे चढवून पेटीत हात घातले. तुकडा कापला, वजन केलं, वितळवायच्या छोट्या भट्टीत सोडला. बाहेर हवा इतकी ओली होती की पेटीच्या काचेवर पाणी धरलं होतं. आत सगळं कोरडं. सूट बरोबर असेल तर यंत्राने सव्वीस मोजावेत आणि प्रोग्रॅमने वीस दाखवावेत. मी मनातून वीसच मागत होते, हे लपवत नाही.

पडद्यावर चौदा आले.

"वीस येवक होये," घाडी म्हणाला. "चौदा कसे इले?"

मी दुसरा तुकडा कापला. पुन्हा चौदा. तिसरा कापणार होते, तेवढ्यात घाडीने माझ्या मनगटाला हात लावला. "मगे मॅडम, इतकी वर्सां आमी काय करी होतो?"

मी हातमोजे काढले आणि जिना चढून नाडीच्या खोलीत गेले.

शाल्मलीने मान वर केली नाही. "किती?"

"चौदा. दोनदा."

तिने प्रोग्रॅमने बाजूला टाकलेले आकडे परत घेतले आणि २०३१पासूनच्या प्रत्येक पावसाळी आकड्यात सहा मिळवले. आलेखातली ती आडवी पायरी नाहीशी झाली आणि उरली एक कंटाळवाणी सरळ रेष, २०१९पासून आजपर्यंत. धातूने कधी विश्रांती घेतलीच नव्हती. तिने नाडीला तो नवा आलेख दिला आणि सकाळपासून ऐकलेले आवाज पुन्हा वाचायला सांगितले.

"एफ-अकरा," ती म्हणाली. "या नळीच्या जोडाशी नऊ चाळीसपासून एकेचाळीस तडके. नाडीने त्यांना 'नळीभोवतालच्या स्प्रिंगची हालचाल' असं नाव दिलंय. अडतीस भागांत भेग सरकणं शक्यच नाही, मग दुसरं काय म्हणणार ती?"

"आणि आता?"

तिने पडदा माझ्याकडे वळवला. एफ-अकरापुढे लिहून आलं होतं, 'भेग सरकते आहे'. आम्ही बघत असताना बेचाळिसावा तडका नोंदला गेला. आणखी दोन नळ्यांपुढे 'संशयित' होतं.

मागे उभ्या असलेल्या हेरंबने आधी फोन करून बारा वाजताची बावीस माणसं थांबवली. मग म्हणाला, "दाब लगेच उतरवू?"

"एफ-अकराची भेग जोडाशी आहे. तिथला ताण नळी ठोकून बसवतानाचा. दाब उतरवलास तरी तो राहणार, आणि पापुद्रेही राहणार. आधी तापव."

"मॅडम, बंद केलेली भट्टी?"

"भट्टी पेटवायची नाही. पंप चालू ठेव आणि थंड करणं थांबव. पंपांची आणि इंधनात उरलेली उष्णता मिळून तीन तासांत दोनशे ऐंशीला नेतील. हायड्रोजन बराचसा पुन्हा विरघळेल. मग खाली येताना दाब आणि तापमान हातात हात घालून उतरव. मध्ये कुठेही थांबू नकोस."

"नळी फुटण्याआधी गळेल. नळीभोवती खेळवलेल्या कोरड्या वायूत ओल दिसेल. नियम तोच आहे, आणि ओल अजून दिसलेली नाही."

"तो नियमही माझ्याच आकड्यांवर बसवलाय, हेरंब."

तो शाल्मलीकडे वळला. यंत्र तिचं होतं, सही तिची लागणार होती. माझं ऐकायचं तर तिला लिहून द्यावं लागणार होतं की चार केंद्रांवर सहा वर्षं चाललेली नाडी चुकीची आहे. सात वर्षांपूर्वी मी तिला जसं गप्प केलं होतं, तसं तिने मला आता करायचं ठरवलं असतं, तर मला बोलायला तोंड नव्हतं.

"तापवा," ती म्हणाली. "मी सही करते. बाकी तीन केंद्रांना मी आत्ता कळवते, कुणीही भट्टी गार करायला घेऊ नका म्हणून."

"वर कळवताना कारण काय लिहू?" हेरंबने विचारलं.

"मोंडकर मॅडमची चूक, असं लिही," मी म्हटलं. "ओळखतात मला तिथे."

तापमान वर चढायला लागलं. दोनशे तीसपर्यंत एफ-अकरात आणखी दोन तडके झाले. दोनशे चाळीसला एक. त्यानंतर दोनशे ऐंशीपर्यंत एकही नाही. हेरंबने डबा उघडला आणि उभ्यानेच पोळी खाल्ली, मलाही अर्धी दिली. संध्याकाळी सातला भट्टी थंड होती, दाब उतरला होता, आणि नळीभोवतीचा वायू कोरडा होता. शाल्मली माझ्याशी त्या दिवसभरात कामापुरतंच बोलली.

तीन आठवड्यांनी एफ-अकरा बाहेर काढून कापली. नळीची भिंत चार मिलिमीटरांची, भेग जवळजवळ तीन मिलिमीटर खोल. अशी भेग झाडाच्या खोडासारखी वाचता येते. प्रत्येक वेळी ती थोडी सरकते, मग भट्टी पुन्हा तापली की नव्या पृष्ठभागावर गंज धरून काळा पट्टा होतो. सहा काळे पट्टे होते. नाडीच्या सांगण्याप्रमाणे भट्टी गार केली तो प्रत्येक पावसाळा एकेक. सर्वांत आत एक चकचकीत, बिनगंजाची कड होती. ती त्या बुधवारच्या सकाळची.

चौकशी समिती नोव्हेंबरमध्ये बसली. अध्यक्ष डॉ. नसरीन काझी, रत्नागिरीकडच्या, बोलायला शांत आणि ऐकायला त्याहून शांत. माझी साक्ष आधी झाली. हुकूम, पेटी, राहून गेलेली दुरुस्ती, सगळं सांगितलं. शोधनिबंध मी आधीच मागे घेतला होता आणि बक्षीस परत केलं होतं. भिंतीवर त्याच्या जागी फिकट चौकोन राहिलाय, रंग द्यायचा आहे. साक्षीत लपवलं काहीच नव्हतं, पण मला जे विचारलं गेलं नाही ते मी आपण होऊन सांगितलंही नव्हतं.

मग शाल्मलीला बोलावलं.

"डॉ. मोंडकर, २०३१ ते ३५ या काळातली आडवी रेष नाडी घडवताना तुमच्या लक्षात आली होती का?" काझींनी विचारलं.

"आली होती."

"त्याबद्दल प्रयोगशाळेच्या प्रमुखांना तुम्ही विचारलंत?"

त्या वेळी प्रयोगशाळेची प्रमुख मी. दुसऱ्या रांगेत बसले होते. शाल्मलीने माझ्याकडे बघितलं नाही.

"नाही," ती म्हणाली. "आकडे आईचे होते. मी ते तपासले नाहीत. चूक माझी."

काझींच्या शेजारच्या सदस्याने ते लिहून घेतलं. त्या एका 'नाही'चा अर्थ मला नीट कळत होता. दिसत असलेला दोष न विचारता यंत्रात घातला, म्हणजे शाल्मलीचं कामच संपलं. आणि माझ्याकडे उरलं काय, तर म्हातारपणी विसरून गेलेली एक तारीख. लोक म्हणाले असते, होतं असं, पंचवीस वर्षांत एखादी गोष्ट राहते. मला सन्मानाने घरी जायची वाट तिने आपल्या अंगावरून घालून दिली होती. मला तिचा राग आला आणि लगेच लाज वाटली, त्या क्रमाने.

मी उभी राहिले. "मला साक्षीत भर घालायची आहे."

"घाला."

"तिने विचारलं होतं. २०४२च्या मार्चमध्ये, माझ्या घरी, आलेख हातात घेऊन. दोनदा विचारलं. तिचा दुसरा प्रश्न असा होता की सगळ्या नळ्या एकाच वर्षी कशा थांबल्या. त्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं. ते नाही हे मला तेव्हाच कळलं होतं. मी तिला म्हटलं, माझे आकडे तपासायचे असतील तर आधी दहा पावसाळे प्रयोगशाळेत काढ."

काझींच्या शेजारच्या सदस्याने पान उलटलं.

"हुकूम रद्द करायचा राहून गेला, तो विसर होता," मी म्हटलं. "हा विसर नव्हता. मी तेव्हा एक पट्टी मोजली असती तर पाऊण तासात कळलं असतं. हे असंच लिहून घ्या."

काझींनी शाल्मलीकडे पाहिलं. "तुमचं मघाचं उत्तर बदलायचं आहे का?"

शाल्मली टेबलावरचं पाणी प्यायली. "हो. विचारलं होतं. उत्तर पटलं नव्हतं. तिसऱ्यांदा विचारायला हवं होतं, ते विचारलं नाही."

परत येताना गाडी ती चालवत होती. घाट उतरला. मग म्हणाली, "कशाला बोललीस? मी निभावून नेलं असतं."

"नोकरी गेली असती."

"गेली असती. दुसरी मिळाली असती. तुझं नाव राहिलं असतं. त्या केंद्रात लोक अजून तुझ्या नावाने वजनं करतात, आई."

मला रडू आलं. मी खिडकीकडे तोंड केलं नाही, तिच्या समोरच रडले. तिने गाडी थांबवली नाही, फक्त वेग कमी केला.

समितीने दोघींवर ठपका ठेवला. माझ्यावरचा मोठा, आणि तो योग्यच होता. कातळसडा अडीच वर्षं बंद राहणार, नळ्या बदलणार. इतर तीन केंद्रं दाब कमी ठेवून जपून चालवताहेत. शाल्मलीचं पद राहिलं, पण एका अटीवर: नाडीला पहिल्यापासून पुन्हा शिकवायचं, कच्च्या नोंदींवरून, आणि प्रत्येक नोंद कशी घेतली गेली ते तिने स्वतः तपासायचं. नोंदवह्या माझ्या अक्षरातल्या. त्यामुळे ती आता दर रविवारी येते, वह्या जेवणाच्या टेबलावर मांडते आणि मला विचारते. हे खोडलं का? इथे वजन दोनदा का? ही सही कुणाची? सुरुवातीचे दोन रविवार मला फार लागलं. साठ वर्षं ओलांडलेल्या बाईची उलटतपासणी, तीही आमटी उकळत असताना. मी सांगते ते ती लिहून घेते आणि मग केंद्रावर जाऊन खरं आहे का ते बघते. पूर्वी असं नव्हतं. पूर्वी माझं वाक्य म्हणजे पूर्णविराम असायचा.

गेल्या रविवारी ती २०२६च्या वहीत होती. "आई, त्या वर्षीची प्रयोगशाळेतल्या भट्टीची तापमानं. तापमापकाचा काटा बरोबर होता ना?"

मी तोंड उघडलं. 'हो' जिभेवर तयार होतं. तेवीस वर्षांपूर्वीचा काटा, आणि मला त्याच्याबद्दल काडीचंही आठवत नव्हतं.

"आठवत नाही," मी म्हटलं. "तपासून बघ."

तिने पान उलटलं. "तपासलंय शुक्रवारीच. बरोबर आहे. तू काय म्हणतेस ते बघायचं होतं."